निपाणीचा सोमशेखर आणि मी

राजारामपुरी, बारावी गल्ली,
कोल्हापूर. १८ जानेवारी.

ती. आण्णांना बाळासोचा कोपरापासून नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण गुडघा दुमडत नाही, आणि दुमडला तर उलगडत नाही.)

आपली तब्येत कशी आहे? वहिनींचा खांदा आता वर जातो का? आईंना ऐकायला येण्याचं मशीन बसवलं असं कळलं. त्या ते जेवताना काढून ठेवतात आणि भांडताना लावतात, हेही कळलं. डेअरीचं कसं चाललंय? गोठ्यातली ती नवी मुऱ्हा म्हैस अजून लाथ मारते का? इकडे स्नेहल बरी आहे, मीही बरा आहे. म्हणजे शरीरानं. मनाचं पुढे सांगतो.

पत्र बघून आपण चकित व्हाल. घरी फोन असताना आपल्या सख्ख्या बहिणीचा नवरा पत्र का लिहितो, असं वाटेल. पण आण्णा, आपला फोन कायम स्पीकरवर असतो. मागच्या वेळी मी माझ्या पोटाची तक्रार आपल्याला सांगितली आणि दुसऱ्या दिवशी आपल्या गडमुडशिंगीहून माझ्या कॉलेजला येणाऱ्या तीन विद्यार्थ्यांनी मला ओव्याचा अर्क आणून दिला. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर बोलायची सोयच नाही, कारण ज्याच्याबद्दल बोलायचं तोच त्या ग्रुपचा ॲडमिन आहे. तेव्हा हे पत्र. एकट्यानं वाचावं. वाचून झाल्यावर पेंडीच्या पोत्याखाली ठेवू नये, तिथं सगळे शोधतात.

विषय आपल्या धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे राजनंदिनीच्या नवऱ्याचा, म्हणजे माझ्या साडूचा. डॉ. धैर्यशील. बेंगळुरूच्या संशोधन संस्थेत उपग्रहांवरून पृथ्वीवरची जागा शोधायचं काम करतात. माणूस वाईट आहे असं मी कधीच म्हटलेलं नाही. उलट वीस वर्षं मी त्याच्यात एखादा दोष शोधतो आहे आणि तो सापडत नाही, हीच माझी तक्रार आहे. दारू नाही, तंबाखू नाही, सासुरवाडीला आला की स्वतःचं ताट स्वतः उचलतो. (त्यामुळे मलाही उचलावं लागतं.) मला 'सर' म्हणतो. घरातल्या माणसाला कुणी 'सर' म्हणतं का? पण म्हणतो, आणि तेही मनापासून.

तर मे महिन्यात आईंची पंच्याहत्तरी झाली. आपण एस.टी. स्टँडपाशी फ्लेक्स लावलात. मला वाटलं, आईंचा असेल. आईंचा होताही, पण खालच्या कोपऱ्यात. वरचा सगळा भाग धैर्यशीलनं व्यापलेला, मागे निळं आकाश, डोक्याभोवती चार उपग्रह फिरताहेत, आणि लिहिलेलं: 'गडमुडशिंगीचे जावई, शास्त्रज्ञ डॉ. धैर्यशील यांचे ७३ शोधनिबंध प्रकाशित झाल्याबद्दल समस्त ग्रामस्थांकडून हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुकांच्या रांगेत डेअरीचे सचिव आणि पिठाची गिरणीवाले यांच्यामध्ये मी. फोटो माझ्या लग्नातला. मुंडावळ्या कापल्या होत्या, पण एक मणी कानापाशी राहिला होता, त्यामुळे मी डूल घातल्यासारखा दिसत होतो. आणि नाव 'प्रा. बाळसो'. आण्णा, मी थोरला जावई आहे. सत्तावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो आहे. माझ्या नावात एक काना जास्तीचा लावायला काय झालं असतं?

त्यातच जेवताना आईंनी कुणा पाहुणीला आमची ओळख करून दिली. धाकट्याकडे बोट करून म्हणाल्या, "ह्यो आभाळात काम करतोय." मग मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "आन् ह्यो हितंच असतोय."

घरी येताना रिक्षात मी स्नेहलला म्हणालो, त्र्याहत्तर म्हणजे फार असं काही नाही. ती म्हणाली, "तुमचे किती हैत?" मी रिक्षावाल्याला सावकाश चालवायला सांगितलं. माझे तीन आहेत. एक कॉलेजच्या वार्षिकांकात, एक पंचगंगेच्या पाण्यातून वीज कशी वाहते त्यावर, आणि एकात पाच लेखक आहेत, त्यातला पाचवा मी. संशोधकाची किंमत त्याचे लेख इतरांनी किती ठिकाणी दाखल्याला घेतले यावरून ठरते. माझ्या लेखांचा दाखला आजवर दोनदा घेतला गेलाय. दोन्ही वेळा मीच घेतलाय.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममधल्या संगणकावर मी धैर्यशीलची यादी उघडली. नुसती बघायला. खाली सरकवत गेलो, सरकवत गेलो, चहा गार झाला तरी यादी संपेना. 'नाविक' म्हणजे आपल्या देशाची जागा सांगणारी उपग्रहांची यंत्रणा, तिच्यावर तीस-बत्तीस. वातावरणाच्या वरच्या थरातून येताना संदेशाला उशीर कसा होतो, त्यावर चौदा. दाट वस्तीत भिंतींवर आपटून संदेश भरकटतो आणि फोन आपल्याला भलत्याच गल्लीत दाखवतो, त्यावर अकरा. जपानी लोकांबरोबर, फिनलंडच्या लोकांबरोबर. एका लेखाच्या शेवटी आभारात 'माझी पत्नी राजनंदिनी' असंही होतं. (हे स्नेहलला दाखवू नये असं ठरवलं. तिनं ते आधीच बघितलं होतं.)

त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते आपल्यासारख्या वडीलधाऱ्या माणसाला लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी ठरवलं, हे त्र्याहत्तरच्या त्र्याहत्तर वाचायचे. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या तळटीपेपर्यंत. त्र्याहत्तर निबंध लिहिणारा माणूस कुठंतरी घसरलाच असणार. एक चूक. फक्त एक सापडली की झालं.

आण्णा, जून गेला, जुलै गेला. आमच्या कॉलेजचे लोक पावसाळी सहलीला आंबोलीला गेले, मी गेलो नाही. परीक्षेवर देखरेख करताना वाचलं, गाडीचं पंक्चर काढताना गॅरेजच्या बाकड्यावर बसून वाचलं. पहिले आठ-दहा तर डोक्यावरून गेले. मग ते कळावेत म्हणून दुसरी पुस्तकं आणली. ती कळावीत म्हणून विसरलेलं गणित पुन्हा काढलं. आणि एक विचित्र गोष्ट घडायला लागली. मला ते आवडायला लागलं. आपल्या डोक्यावर छत्तीस हजार किलोमीटरवरून एक उपग्रह फक्त एवढंच ओरडून सांगतो की आत्ता माझ्या घड्याळात इतके वाजले. आपल्या खिशातलं यंत्र ते ऐकतं, यायला किती वेळ लागला ते काढतं, त्यावरून अंतर काढतं, असे चार उपग्रह मिळाले की आपण कुठं उभे आहोत ते सांगतं. वर्गात मी हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलं जागी झाली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच एकानं तास संपल्यावर थांबून प्रश्न विचारला. मला दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी आठवलं की आपण चूक शोधायला निघालो होतो.

आणि ती सापडली. एकेचाळिसाव्या निबंधात, चौथ्या तक्त्यात. धैर्यशील दिवाळीला सासुरवाडीला आला होता तेव्हा आपल्या गोठ्याच्या छपरावर यंत्र ठेवून त्यानं मोजमाप घेतलं होतं, आठवतं? (आपण त्या यंत्राला हळद-कुंकू लावलं होतं.) तर त्या तक्त्यात अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली होती. सोळाच्या जागी चौऱ्याहत्तर, चौऱ्याहत्तरच्या जागी सोळा. मी नकाशावर ती जागा बघितली. आण्णा, धैर्यशीलच्या म्हणण्यानुसार आपला गोठा नॉर्वेच्याही वर, बर्फाळ समुद्रात आहे. तुमच्या सगळ्या म्हशी पाण्याखाली. मी स्टाफरूममध्ये टाळी वाजवली. शिपाई पाणी घेऊन आला.

आता हे कळवायचं कसं? माझ्या नावानं कळवलं तर लोक म्हणतील, साडू जळतो. (लोक काहीही म्हणतात.) म्हणून मी एक नवीन ईमेल काढला. नाव असं हवं होतं की आपल्या गणगोतात कुणाचं नसेल. सोमशेखर रुद्राप्पा, निवृत्त अभियंता, स्वतंत्र अभ्यासक, निपाणी. निपाणी अशासाठी की ती जवळही आहे आणि कर्नाटकातही आहे. सोमशेखरच्या नावानं मी मासिकाच्या संपादकांना आणि धैर्यशीलला एक कडक पत्र पाठवलं. आपल्यासारख्या मान्यवर संशोधकाकडून ही अपेक्षा नव्हती, असा सूर. पाठवल्यावर मी घरी येऊन दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

चाळीस मिनिटांत धैर्यशीलचं उत्तर. मला वाटलं, थरथरत लिहिलं असेल. त्यात लिहिलं होतं: 'आदरणीय सोमशेखरजी, आपले किती आभार मानू? तो तक्ता पाच परीक्षकांनी तपासला, दोन सहलेखकांनी तपासला, पण आजवर तो वाचणारे आपण पहिलेच.' चूक त्यानं लगेच कबूल केली. मासिकानं शुद्धिपत्र छापलं. शुद्धिपत्रात निपाणीच्या श्री. रुद्राप्पा यांचे जाहीर आभार. आणि आण्णा, ते शुद्धिपत्र स्वतंत्र प्रकाशन म्हणून त्याच्या यादीत गेलं. त्र्याहत्तरचे चौऱ्याहत्तर झाले. मी केले.

इथं शहाण्या माणसानं थांबायला हवं होतं. मी म्हटलं, किरकोळ चुकीनं होणार नाही, मुळावरच घाव घालायला हवा. दाट वस्तीवरचे जे अकरा निबंध होते त्यात मला एक गोष्ट खटकत होती. त्यानं सगळीकडे धरलं होतं की भिंती जागच्या जागी असतात. बेंगळुरूच्या उंच इमारती असतीलही. पण आमच्या राजारामपुरीत सकाळी नसलेला पत्रा दुपारी असतो. कोचिंग क्लासचा लोखंडी चौकटीचा बोर्ड रातोरात उभा राहतो, सिटी बस येऊन गल्लीच्या तोंडाशी वीस मिनिटं थांबते, आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सचं तर विचारूच नका. म्हटलं, हे मोजूनच दाखवायचं.

ऑक्टोबरच्या सुट्टीत मी सातव्या गल्लीत गेलो. गल्लीच्या मधोमध प्लास्टिकचं स्टूल, स्टुलावर फोन, कारण तो वीस मिनिटं हलता कामा नये. शेजारी मी, छत्री धरून, हातात वही. दहा मिनिटं येणारे-जाणारे स्टुलाला वळसा घालून गेले. मग समोरच्या घरातून बाळाबाई नावाच्या एक आजी बाहेर आल्या. (निवृत्त नर्स आहेत, आवाज अजून वॉर्डात पोचेल असा.)

"पावणं, काय मोजालाय?"

मी म्हणालो, जागा मोजतोय. हे मी म्हणायला नको होतं.

"आमची पायरी हद्दीतच हाय. चाळीस वर्सं हाय. रुंदीकरणाचा माणूस मागं आलता, त्येला बी हेच सांगून घालवलाय."

मी म्हणालो, बाई, मी महापालिकेचा नाही, मी उपग्रह मोजतोय.

"उपग्रह आमच्या पायरीवर पडणार हाय व्हय?"

तोवर माणसं जमली होती. शेजारच्या दवाखान्यातले पेशंट नंबर सोडून बाहेर आले. एकानं स्टूल उचललं. त्यामुळे फोन पंधरा फूट सरकला आणि आलेखात त्या क्षणी उठलेला डोंगर अजूनही माझ्या वहीत आहे. शेवटी मी तिथंच उभं राहून सगळ्यांना उपग्रह, घड्याळ, संदेश, परावर्तन हे वर्गात सांगतो तसं सांगितलं. पाऊण तास. दवाखान्यातल्या एका पेशंटनं विचारलं, मग रिक्षावाला मला शोधत मागच्या गल्लीत का जातो? मी म्हणालो, वाढदिवसाच्या त्या फ्लेक्सच्या लोखंडी चौकटीमुळे! आणि सगळे त्या फ्लेक्सकडे वळून बघायला लागले. फ्लेक्सवरचा नेता हात जोडून उभा होता. बाळाबाई म्हणाल्या, "मग काढा की त्यो." तो काढायची हिंमत कुणातच नव्हती, पण दोन दिवसांनी वाढदिवस संपला आणि तो आपोआप निघाला, तेव्हा मी पुन्हा जाऊन मोजलं. नऊ मीटरचा फरक. नऊ! पुढे तीन आठवडे मी रोज जात होतो. बाळाबाई माझं स्टूल स्वतःच्या घरात ठेवायच्या, वर चहा द्यायच्या आणि कुणी गाडी आडवी लावली तर ओरडायच्या, "ए, बाजूला घे, सरांचा उपग्रह यायलाय!" आण्णा, खरं सांगतो, इतके चांगले दिवस माझ्या नोकरीत गेले नव्हते.

ही सगळी आकडेवारी मी सोमशेखरच्या नावानं धैर्यशीलला पाठवली. बरोबर एक वाक्य: 'आपल्या अकरा निबंधांचा पाया हलणाऱ्या भिंतींनी हलतो असं नम्रपणे वाटतं.' तो कोसळेल असं वाटलं होतं. तो नाचला. लिहितो, 'हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. आपण थोर आहात.' मग प्रश्न विचारले. मी उत्तरं दिली. मग मी प्रश्न विचारले. बघता बघता आमची सेहेचाळीस पत्रं झाली. सकाळी उठल्यावर मी आधी सोमशेखरचा ईमेलचा डबा उघडायचो. त्यात धैर्यशील गणित तर लिहायचाच, पण इतरही लिहायचा. एकदा लिहिलं, 'माझे एवढे निबंध आहेत, पण ते सगळे वाचलेला माणूस मला आजवर भेटला नव्हता. बायकोही नाव कुठं आलंय तेवढंच बघते.' ते वाचून मला त्याची दया आली. अर्ध्या मिनिटानं ती गेली.

आता खरं दुःख. डिसेंबरात राजनंदिनी आणि धैर्यशील आमच्याकडे जेवायला आले. स्नेहलनं तांबडा-पांढरा रस्सा केला होता. पहिली वाटी संपायच्या आत धैर्यशील म्हणाला, "सर, तुमच्याच भागात एक विलक्षण माणूस आहे. निपाणीचा. सोमशेखर रुद्राप्पा." आणि सुरू झाला. दोन तास. काय ती बुद्धी, काय ती चिकाटी, वयाचं भान न ठेवता गल्लीत उभं राहून मोजतो, कुठलं पद नाही, कुठला लोभ नाही, अशी माणसं आता होत नाहीत. मी रश्श्यात लिंबू पिळत होतो. चार फोडी पिळल्या. स्नेहल माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा, माणूस निपाणीत बसून काय काय करतोय." राजनंदिनी म्हणाली, "दाजी, तुम्ही भेटा की त्यांना. तुम्हाला बी जरा हुरूप येईल."

मला हुरूप येईल! आण्णा, तो मी आहे! पण बोलायची सोय नाही. मी म्हणालो, असेल हुशार, पण असल्या माणसांना जमिनीवरचं काही कळत नाही. धैर्यशील पहिल्यांदाच माझ्यावर रागावला. म्हणाला, "सर, न भेटता असं बोलू नये." म्हणजे माझ्याच घरात, माझ्याच ताटावर बसून, माझ्याविरुद्ध माझी बाजू घेतली त्यानं. त्या दिवसापासून मला धैर्यशीलचं काही वाटत नाही. मी जळतो तो सोमशेखरवर. सत्तावीस वर्षं मी माझ्या नावानं जगलो, मिळालं काय? आणि हा लेकाचा पाच महिन्यांपूर्वी जन्मलेला, कधी मास्तरकी केली नाही, पेपर तपासले नाहीत, आणि आज स्नेहलही त्याचं नाव काढते तेव्हा पदर नीट करते.

कडेलोट पुढेच आहे. परवा सोमशेखरला मेल आला. हलणाऱ्या भिंतींवरचा निबंध एका मोठ्या मासिकानं स्वीकारला. लेखक दोन. धैर्यशील म्हणतो, मी पहिलं नाव माझं लावू देणार नाही, काम तुमचं आहे, पहिले लेखक तुम्ही. म्हणजे आण्णा, माझं आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम छापून येतंय, आणि त्यावर त्या निपाणीकराचं नाव येतंय. पुढे लिहितो, येत्या रविवारी मी स्वतः निपाणीला येऊन आपला सत्कार करणार. शाल, श्रीफळ, फेटा. आणि माझ्या सासुरवाडीचे आण्णाही येणार आहेत. म्हणजे आपण. आपण गाडी सांगितली, असंही कळलं. आण्णा, निपाणीत जाऊन कुणाच्या डोक्याला फेटा बांधणार?

तर एवढं सगळं आपल्यापुढे मोकळं केलं. माझं म्हणणं इतकंच की रविवारचं जाणं रद्द करावं. म्हैस व्यायली म्हणून सांगावं, नाहीतर वहिनींचा खांदा. मला नावाची हाव नाही. ज्ञान हे ज्ञान, ते कुणाच्याही नावावर छापलं तरी खरंच राहतं. सोमशेखरला मी हळूहळू मुलाकडे अमेरिकेला पाठवून देईन आणि विषय संपेल.

आईंना नमस्कार, वहिनींना नमस्कार, लहानांना गालगुच्चे, मुऱ्हेला लांबूनच.

आपला,
बाळासो

ता. क. वर नावाची हाव नाही असं लिहिलं, ते वाचताना गाळावं. आपण रविवारी निपाणीला न जाता धैर्यशीलला आपल्याकडे बोलवावं, पोटभर जेवू घालावं आणि मग सहज विषय काढल्यासारखं सांगावं की तो माणूस दुसरा-तिसरा कुणी नसून आमचे थोरले जावई आहेत. मी सांगायला लावलं असं दिसू नये. पहिलं नाव पहिलंच राहील एवढं मात्र त्याच्याकडून वदवून घ्यावं. तो फार भला माणूस आहे, भावनेच्या भरात दोघांची नावं बरोबरीनं लावू म्हणेल. तसं चालणार नाही.

ता. क. दुसरा. तो चिडला, तर नाव बदलून लिहायची कल्पना आपली होती म्हणून सांगावं. आपल्यावर तो चिडत नाही.

ता. क. तिसरा. पत्र टाकायला स्नेहलकडे देतो आहे. पाकीट घट्ट चिकटवलं आहे.

*

आण्णा, मी स्नेहल. पाकीट वाफेवर धरलं की लगीच सुटलं.

तू काय बी बोलू नको. धैर्यशीलना सगळं ठाऊक हाय. ह्यांनी त्यो ईमेल काढताना ओ.टी.पी.ला माझा नंबर दिलता. 'सोमशेखर, तुमचं खातं चालू झालं' म्हणून मेसेज मलाच आला. मी राजनंदिनीला विचारलं ह्यो कोण बाबा, आन् तिनं धैर्यशीलना. त्यांनी शुद्धिपत्र छापायच्या आधीच वळखलंतं. म्हणाले, ताई, गप बसा, माझा एक बी कागद कुणी असा वाचला न्हाय. जेवायला आलते त्या दिवशी त्यांनी मुद्दाम तोंडावर सगळं कौतुक केलं, सरळ केलं असतं तर हे उठून गेले असते. निपाणीचं बी मुद्दामच काढलंय, घाबरून आपणहून बोलतेत का बघायला. बोलले न्हाईत, तुला चार पानं लिहिली.

निबंधावर नाव ह्यांचंच हाय, पयलंच हाय. मासिकाचा सहीचा कागद मी गॅसच्या कागदात घालून पुढं सरकवला. दुसऱ्याचं लिहिलेलं तळटीप धरून वाचतेत, हितं बघितलं बी न्हाय, सही ठोकली.

आता दुसऱ्या निबंधाचं काम निम्म्यावर आलंय. सोमशेखरच्या वरताण करून दाखवतो म्हणून रोज त्या बाळाबाईच्या गल्लीत जातेत, येताना भाजी आणतेत, जेवतेत बी चांगलं. सत्तावीस वर्सांत असं कधी बघितलं न्हाय मी. म्हणून म्हणते, छापून यायला चैत्र उजाडंल, तवर जळू दे.